धबधब्याचं वेळापत्रक

आमच्या घरात माणसं तीन. धबधब्याला जायचे आराखडे सहा, आणि सहाच्या सहा माझे.

बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी केलं. पीटीच्या मागं गणित येऊ द्यायचं नाही, अबोला धरलेल्या दोन मास्तरांना एकाच वेळी मोकळा तास द्यायचा नाही, आणि हेडमास्तरांच्या चहाच्या वेळेला त्यांचा तास लावायचा नाही. हे ज्याला जमलं, त्याला येडशीच्या रामलिंगला जाऊन येणं म्हणजे हातचा मळ. यंदा निवृत्त झालो आणि फुलस्केप कागद काढला.

मुलगा पुण्यात असतो. पावसाळ्यात दर शनिवारी त्याचा एक फोटो येतो. मागं धुकं, धुक्यात धबधबा, पुढं हात पसरलेला मुलगा. हात असे पसरलेले, जणू पाणी यानंच सोडलंय. मला तसा एक फोटो हवा होता. का हवा होता ते सांगतो, पण आधी तयारीचं ऐका. माझ्या घरच्यांनी ऐकलंय.

किल्लारीच्या माणसाला डोंगरात जायचं म्हटलं तर आधी डोंगर शोधावा लागतो. आमच्याकडं सोयाबीनच्या वर डोकं काढणाऱ्या गोष्टी दोनच, पाण्याची टाकी आणि साखर कारखान्याचं धुराडं. सहस्रकुंड पार किनवटला. तिथं पैनगंगा दणक्यात कोसळते, पण चालायला फारसं लागत नाही. मग बुटांचं काय करायचं? नळदुर्गचे नर-मादी धबधबे जवळ आहेत, पण बोरी नदीचं धरण भरून वाहिलं तरच ते दर्शन देणार. राहिलं रामलिंग. बालाघाटातली दरी, अभयारण्याचं जंगल, तळाशी महादेवाचं देऊळ आणि पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी. देवळापर्यंत पायऱ्या आहेत, ही बाब मी आराखड्यात मुद्दाम बारीक अक्षरात लिहिली.

तयारी लातूर पॅटर्ननं केली. म्हणजे सराव प्रश्नपत्रिका इतक्या सोडवायच्या, की खऱ्या पेपरात जुना मित्र भेटल्यासारखं वाटावं. खरोश्याच्या लेण्यांची टेकडी ही माझी पूर्वपरीक्षा. दोनदा चढलो. दुसऱ्यांदा एक शेळी मला मागं टाकून गेली, पण ती स्थानिक होती.

मुलानं सांगितलेले बूट साडेचार हजारांचे निघाले. शिवाय घडीची काठी, शिट्टी, टॉर्च, कोरडा खाऊ, कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये. आईनं टॉर्च उचलून बघितला.

"दिवसाच जायचं हाय न्हवं?"

"असू दे. नियोजन असतं ते."

"आन् बुटाला एवढं पैसं? महादेवापुढं तर भाईरच काढून ठिवायचेत."

या मुद्द्याचा विचार सहाही आराखड्यांत झालेला नव्हता.

आता पाण्याचं. धबधबा म्हटलं की दुसऱ्यांना काय सुचतं मला माहीत नाही, मला हिशोब सुचतो. किती घागरी? किती टँकर? वाया किती गेलं? हा दोष माझा नाही, जिल्ह्याचा आहे. मी आयुष्यभर हौदाची गणितं शिकवली. एक नळ हौद ६ तासांत भरतो, दुसरा ८ तासांत, तळाचा नळ १२ तासांत रिकामा करतो, तर तिन्ही उघडले असता इत्यादी. एकदा मागच्या बाकावरनं प्रश्न आला, "सर, सलग ६ तास पाणी येतंय ते गाव कोणतं?" वर्ग हसला. मग एका मुलीनं विचारलं, "आन् तळाचा नळ उघडा ठिवणाऱ्याला घरचे काहीच म्हणत न्हाईत का?" तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तिच्या घरी पाणी तीच भरत होती. मी फळा पुसला आणि काळ-काम-वेग घेतलं.

ते २०१६ साल तर आठवतच असेल. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. माणसांनी पाण्यापाशी घोळक्यानं जमायचं नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, पुढं एकेका गाडीला २५ लाख. लोकांनी गाडीला हार घातले. माझा पाहुणा त्या दिवशी स्टेशनवर गेला होता. परत आल्यावर मी विचारलं, "कसं होतं?" तो म्हणाला, "ओलं होतं." जगात लोक धबधब्याकडं जातात, आमच्याकडं धबधबाच वाघिणीत बसून आला. आणि रामलिंगाची कथा सांगतात ती अशी, की जखमी जटायूला पाणी पाजायला रामानं तिथं बाण मारला आणि पाणी लागलं. मराठवाड्यात पहिल्याच बोअरला पाणी लागल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. आमच्या शेतात तीन बाण मारून झाले. तिसरा साडेसहाशे फूट गेला आणि वर आला तो फुफाटा.

बरं, पाणी असलं तर सुख म्हणावं, तर तेही नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी वर्षं गावात बोललं जायचं, की हे सगळं माकणीच्या धरणामुळं झालं. नसलं तर घसा कोरडा, साठलं तर मनात संशय.

निघाला विषय, तर फोटोचंही सांगून टाकतो. मी महाराष्ट्रात कुठंही गेलो आणि गाव सांगितलं, की समोरच्या माणसाची मान डावीकडं कलते. "अरेरे! किल्लारी का? तुमच्या घरातलं कुणी...?" माणसं चांगली असतात, मनापासून विचारतात. पण तीस वर्षं उलटून गेली. आमची पोरं नीटची तयारी करतात, गावात एकमेकाला खेटून तीन मोबाइलची दुकानं आहेत, ऊसदरावरून आम्ही चारचौघांसारखे भांडतो. तरी इंटरनेटवर किल्लारी टाकलं, की ढिगारा येतो. मला एक फोटो असा हवा होता, ज्यात किल्लारीचा माणूस धबधब्यापुढं मूर्खासारखा हात पसरून उभा आहे. बस्स.

सहाव्या आराखड्यात तारीख ठरली होती, सलग चार दिवस जोरात पाऊस झाल्यावर पाचव्या दिवशी. पाणी त्याशिवाय फोटोत भरत नाही. आईचं मन वळवायला मी धबधब्याचा एक व्हिडिओ शोधून काढला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज पूर्ण वाढवून फोन तिच्या कानाशी धरला.

आई उठली. काही न बोलता अंगणात गेली आणि भिंतीपासून लांब, मधोमध जाऊन उभी राहिली.

बायकोला आधी कळलं. "अहो, बंद करा ते."

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. त्या पहाटेबद्दल आई बोलत नाही आणि मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, की आधी आवाज आला होता.

आमच्या दाराजवळ खिळ्याला एक पिशवी असते. तिच्यात टॉर्च, शिट्टी, कोरडा खाऊ, कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये. टॉर्चचे सेल आई दर चार-सहा महिन्यांनी बदलायला लावते. मी माझी नवी सॅक त्या पिशवीशेजारी टांगली होती. दोन्हींकडं बघत थोडा वेळ उभा राहिलो. शाळेच्या वेळापत्रकाची फुशारकी मी उगाच मारत होतो. नियोजन मी शिकलो होतो या पिशवीकडनं.

संध्याकाळी आईनंच विषय काढला. "म्हादेवाला येते की मी. पर आवाज न करणारं पाणी नसतंय का रं कुटं?"

सातवा आराखडा रात्रीत तयार झाला. पाऊस थांबून दहा दिवस गेल्यावर निघायचं. धबधब्यांच्या इतिहासात धबधबा आटायची वाट बघणारा मी पहिलाच नियोजनकार असेन.

त्या सकाळी शेंगाची चटणी आणि धपाटे घेऊन निघालो. पायऱ्यांवर आई चप्पल हातात घेऊन नीट उतरली. मी साडेचार हजारांच्या बुटांसकट एकदा बसलो. वानरांनी खाऊ नेला, शिट्टी हुंगून परत टाकली. कड्यावरनं घागरीला तळाशी चीर पडावी एवढी धार येत होती. आईनं आधी वरच्या कड्याकडं बघितलं, बराच वेळ. मग कड्यापासून लांब, झऱ्यात पाय सोडून बसली.

मी हात पसरून उभा राहिलो. बायकोनं फोटो काढला. शेजारी बार्शीकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "कुठले आपण?"

"किल्लारी."

त्यांची मान डावीकडं कलायला लागली. अर्ध्यात त्यांची नजर माझ्या मागच्या धारेवर गेली आणि मान तिथंच थांबली.

"अरेरे," ते म्हणाले, "एवढ्या लांबून आलात आणि धबधबाच नाही!"

मी त्यांना धपाटं दिलं. दोन दिली.

परतताना आई पुन्हा एकदा वळून बघत म्हणाली, "चांगलं हाय की. गुमान पडतंय बिचारं."