दुरुस्तीचं बटण पाथरीत हवं

नाव एक, तऱ्हा तीन. सेवापुस्तकात माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, पासबुकातही सासरचंच; पण इंग्रजी स्पेलिंगात एक ‘ए’ जास्त. माझी मावशी पाथरीत एका संस्थेत लिपिक होती. निवृत्त झाली तेव्हा तिची ग्रॅच्युइटी या एका ‘ए’वर अडली.

तिचं सेवापुस्तक मी हातात घेऊन पाहिलंय. जाड पुठ्ठा, लाल नाडी, आत चार-पाच जणांच्या हस्ताक्षरांतल्या नोंदी. वेतनवाढ, अर्जित रजा, प्रसूती रजा. प्रत्येक नोंदीखाली सही आणि गोल शिक्का. नोंद चुकलीच तर कुणी चुकवली ते अक्षरावरून कळायचं आणि त्याला जाऊन विचारता यायचं. संस्थेने पगार आणि सेवानोंदींचं नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि उत्तर एकच झालं : ‘सिस्टीम घेत नाही.’ संस्थेतल्या क्लार्कला नाव दिसायचं, बदलता यायचं नाही. बदलणारा पुण्यात बसलेला आणि त्याचा फोन लागत नव्हता.

मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. रजेचा हिशेब माणसाला स्वतःच्या मोबाइलवर दिसावा, पगार कुणाची मर्जी न राखता खात्यात पडावा, हे मलाही हवंय. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं पगारबिल ‘सेवार्थ’मधून निघतं, शिक्षकांचं ‘शालार्थ’मधून. त्यांची सोय मोठी आहे. पण त्या अनुभवातून आपण काही शिकलो का, हे विचारायलाच हवं. जानेवारी 2018 मध्ये शालार्थ कोलमडलं आणि पगारबिलं पुन्हा कागदावर आली. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं. खोट्या नेमणुकांना आयडी मिळाले, पगार निघाले, पुढे अधिकाऱ्यांना अटक झाली. खऱ्या माणसाला एका अक्षरासाठी अडवणारं यंत्र खोट्या माणसाला आत घेतं, कारण ते माणूस तपासत नाही, रकाना भरलाय का तेवढंच तपासतं.

रोजगार हमीचंही तेच. 1 जानेवारी 2023 पासून कामावरच्या मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावणं सक्तीचं झालं. हेतू होता चोरी थांबवण्याचा. जुलै 2025 मध्ये केंद्रालाच पत्रक काढून सांगावं लागलं की फोटोचा फोटो काढून चढवला जातोय. चोराने वाट काढली. पण ज्या बाईने दिवसभर माती उपसली आणि जिचा फोटो रेंज नसल्याने चढला नाही, तिने कुठे जायचं?

नोंदीची किंमत पाथरीला कुणी शिकवायला नको. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. या गावावरून वऱ्हाडच्या इमादशाहीशी तंटा पेटला आणि 1518 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पाथरी घेतली. गादीवर बसलेल्या घराण्यालासुद्धा आपल्या गावच्या दप्तराची ओढ सुटली नव्हती. मग तीस वर्षं राबलेल्या माझ्या मावशीने आपलं नाव नीट असावं म्हटलं, तर त्यात जास्त काय मागितलं?

आता पतसंस्था, दवाखाने, शिक्षणसंस्था सगळेच पगार-रजेचं असं सॉफ्टवेअर घ्यायला निघालेत. कंपनीचा माणूस येतो, पडद्यावर रंगीत आलेख दाखवतो, संचालक माना डोलावतात. माझं म्हणणं आहे, आलेख बाजूला ठेवा आणि त्याच्यासमोर आपली तीन सेवापुस्तकं ठेवा. एक, लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं. दुसरं, आधी रोजंदारीवर असलेल्या आणि मग कायम झालेल्या शिपायाचं. तिसरं, नोकरीत असताना वारलेल्या माणसाचं, ज्याची बायको आता अनुकंपावर लागली आहे. म्हणावं, ही तिन्ही भर आणि पगारपत्रक काढून दाखव. तिथे अडखळला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

घ्यायचं ठरलंच तर माहिती भरण्याआधी प्रत्येकाचं सेवापुस्तक त्याला दाखवा, वाचायला द्या, सही घ्या. दरवर्षी सेवापुस्तक कर्मचाऱ्याला दाखवायचं, हा सरकारी नोकरीतला जुना नियम आहे. तो पाळला असता तर निम्मी भांडणं झाली नसती. राज्य सरकारी नोकरीत जन्मतारखेची चूक 1981 च्या सेवा नियमांप्रमाणे रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवावी लागते. उशिरा कळलेली चूक जन्मभर छळते. पहिले तीन महिने जुना हजेरीपट आणि नवं यंत्र शेजारी शेजारी चालवा, तफावत निघाली तर पगार कागदाप्रमाणे द्या. करार संपला की आपली सगळी माहिती परत मिळेल, हे आधीच लिहून घ्या.

आणि सगळ्यात आधी, दुरुस्तीचं बटण पाथरीत ठेवा. कोणी दाबलं, कधी दाबलं, कोणत्या कागदावरून दाबलं, याची नोंद राहू द्या. पण ज्या टेबलासमोर माणूस उभा राहू शकतो त्या टेबलावरच ते असू द्या.

मावशीचा तो ‘ए’ निघायला सात महिने लागले. पैसे आले त्या दिवशी तिने पासबुक भरून आणलं, पहिल्या पानावरचं नाव बोट ठेवून वाचलं आणि मगच आकड्याचं पान उलगडलं.