ड्रममधला यजमान

१९७१ साली गावसकर पोर्ट ऑफ स्पेनला पहिली कसोटी खेळले. ते मैदान बघायला सिडकोतले आमचे काका त्रिनिदादला निघालेत. परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला हवा, तोही टोचून १० दिवस उलटलेला; नाहीतर ६ दिवस विलगीकरण. कारण काय, तर पीतज्वर पसरवणारा एडिस डास.

"दिसतो कसा?" काकांनी विचारलं. अंगावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

"अगंबाई, हा तर आपल्या ड्रममधला!" काकू म्हणाल्या.

आमच्या शहराला पाणी देणारं जायकवाडी धरण तिकडे पैठणला, आणि शहरातल्या नळाला वर्षानुवर्षं पाणी आठवडाभरानं. अंड्यातून डास व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. वेळापत्रक पाळणारा गावात तोच एकटा.

पीतज्वर भारतात नाही. यजमान मात्र घरोघरी तयार आहे, फक्त पाहुणा यायचा राहिलाय.