आवाज बसलेली गाडी

गाडी भर रस्त्यात बंद पडली की माणूस वैतागतो, दोन शिव्या हासडतो, टो करून गॅरेजला नेतो आणि महिन्याभरात विसरून जातो. पण साडेचारशे घोड्यांची गाडी सुरळीत पळते आहे आणि फक्त तिचा आवाज बसला आहे, अशा वेळी मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. तक्रार तरी काय करणार? पिकअप आहे, ब्रेक जागेवर आहेत, पेट्रोल पूर्वीइतकंच ढोसते. "हल्ली ती ओरडत नाही हो," एवढंच गाऱ्हाणं. हे ऐकून घेणारा मेकॅनिकही मनातल्या मनात म्हणत असणार, की बाबा, आमच्याकडे लोक ओरडणं बंद करायला येतात.

या ओरडण्यामागची यंत्रणा समजली की त्या मालकाची थोडी दयाच येते. अशा गाड्यांच्या एक्झॉस्ट पाइपात एक झडप असते. ती मिटली की धूर सायलेन्सरच्या कप्प्याकप्प्यांतून वळसे घेत, आपला आवाज आतच ठेवून, सभ्यपणे बाहेर पडतो. उघडली की त्याला सरळ, आखूड वाट मिळते. झडपेची उघडझाप करायला तिच्या डोक्यावर मुठीत मावेल अशी एक डबी बसवलेली असते. आत चिमुकली मोटर, काही गिअर आणि झडप कुठल्या कोनात उभी आहे हे सांगणारा सेन्सर. डबीला दोन-तीन वायरी : सप्लाय, अर्थ, आणि बहुधा हुकूम पोचवणारी एक. आठ सिलिंडरांची डरकाळी म्हणून जी मिरवली जाते, ती या वायरींच्या टोकाला असलेल्या टाचणीएवढ्या पिनांवर तोललेली असते.

एवढा खटाटोप कशाला? एक कारण सरकारी. युरोपात गाड्यांच्या आवाजाचा नियम २०१६पासून टप्प्याटप्प्याने आवळत आणला. साध्या मोटारीची मर्यादा ७२ डेसिबलवरून ६८वर उतरवायची असं त्यात आहे. दुसरं कारण शेजारी. ते सरकारपेक्षा जवळ राहतात. डेट्रॉइटच्या एका उपनगरात फोर्डचे बडे इंजिनिअर स्टीव्ह फॉन फोर्स्टर आपली शेल्बी मस्टँग घराबाहेर काढत होते, तेव्हा त्या आवाजाने शेजाऱ्यांनी थेट पोलिसांना फोन केला. दुसरा कोणी असता तर भांडला असता. या गृहस्थांनी ऑफिसात जाऊन विषय काढला, आणि २०१८च्या मस्टँगमध्ये वेळ लावून ठेवायची सोय आली : समजा रात्री आठ ते सकाळी सात, गाडी दबक्या आवाजातच सुरू होणार. ८२ डेसिबलचे ७२ झाले. आकडा दहाच, पण कानाला तो आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. शेजाऱ्याच्या तक्रारीची इतकी रीतसर दखल आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही कधी घेतली गेलेली नाही.

आता यातली खरी गंमत. ही झडप दोन तऱ्हांनी बिघडते : उघडी अडकते किंवा मिटलेली अडकते. उघडी अडकली तर मालक डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा महिनोन्महिने बघतो आणि खुशाल गाडी चालवतो. तक्रार असते ती गल्लीची. मिटलेली अडकली तर गल्ली सुखात आणि मालक गॅरेजच्या दारात. बिघाड तोच, झडपही तीच, पण कुठल्या बाजूला अडकली यावर रोगी कोण ते ठरतं. कॉर्व्हेटच्या काही मॉडेलांत झडप मिटायला व्हॅक्यूम लागतो आणि तो तिच्यापर्यंत पोचवायला विजेचा व्हॉल्व्ह. वीज गेली की झडप आपोआप उघडीच राहते. हे कळल्यावर त्या गाडीच्या हौशी मंडळींनी काय करावं? त्या सर्किटचा फ्यूजच काढून ठेवला. आयुष्यभर वीज मंडळात उडालेले फ्यूज बसवत हिंडलेल्या माझ्यासारख्याला, चांगला फ्यूज आनंदाने काढून खिशात घालणारी माणसं जगात आहेत हे पचायला वेळ लागला.

माझा भाचा डेट्रॉइटजवळच राहतो. गाड्यांच्या गावात राहून काम मात्र बँकेच्या सॉफ्टवेअरचं करतो, त्यामुळे गाडीवरचं त्याचं प्रेम निर्व्याज आहे. आम्ही तिकडे गेलो तेव्हा त्याच्या गाडीचा आवाज बसलेला होता. (कुठली गाडी ते सांगत नाही, दोष तिचा नव्हता.) त्याने तपास आपल्या पद्धतीने केला होता. स्कॅनर लावला, एरर कोड वाचला, तो पुसला, पुन्हा आला. मग गाडी थंड असताना खाली शिरून डबी सोडवली आणि झडप हाताने फिरवून पाहिली. ती मोकळी फिरत होती, म्हणजे गंज किंवा काजळी धरून जाम झालेली नव्हती. मग दोन पाइपांपैकी डाव्याची डबी उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे. ही फार चांगली युक्ती आहे : बिघाड डबीबरोबर गेला तर डबी वाईट, जागेवरच राहिला तर वायरिंग. बिघाड जागेवरच राहिला. भाच्याने कनेक्टरवर मीटर धरला आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "मामा, सप्लाय ओके. बारा पॉइंट चार."

इथे मला राहवलं नाही. हा आकडा फार गोडबोल्या असतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्यामुळे सगळे धागे तुटून वायरीचा एकच धागा उरला असला, तरी तो मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. भार पडला की पाय गळतात. म्हणून भाच्याला म्हटलं, इंडिकेटरचा २१ वॉटचा एक जुना बल्ब आण आणि दोन वायरी. (हुकुमाच्या वायरीला मात्र असा बल्ब लावायचा नाही, पलीकडचं मॉड्यूल दगावतं.) सप्लाय आणि अर्थ या दोन पिनांमध्ये बल्ब धरला. तो लालसर, मरतुकडा पेटला. बल्बची अर्थकडची वायर पिनवरून काढून थेट गाडीच्या पत्र्याला टेकवली, तर लख्ख! म्हणजे सप्लाय धडधाकट होता, अर्थ गेलेली होती. आमच्याकडे लाइनमनसुद्धा निम्म्या वेळा अर्थकडे बघायचं विसरतात, मग बँकेच्या सॉफ्टवेअरवाल्याला काय बोलणार.

डबीची अर्थची वायर मागे जाऊन जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली होती, तिथे भाच्याने टॉर्च धरला. बोल्टभोवती तांबूस पापुद्रे सुटले होते, आणि वायरीच्या गोल टोकावर हिरवट-पांढरी भुकटी. बोटाला लावून पाहिली तर खरखरीत. मीठ! मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. खुद्द डेट्रॉइट शहराखाली सुमारे साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे, आणि तिथून रस्त्यांसाठीच मीठ निघतं. वरती गाड्या घडवणारं गाव, खाली गाड्या खाणारं मीठ. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं म्हणतात, पण इथे मीठच खातं, तेव्हा जागायचं कोणी हा प्रश्न आहे.

पुढचं काम किरकोळ होतं. बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीचं टोक कापून नवं बसवलं, आवळलं, वरून ग्रीस. चावी फिरवताच खालून बारीकसा 'खर्रर-टक' आवाज आला. डबी झडपेला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आपली हद्द तपासत होती. मग भाच्याने स्पोर्ट मोडचं बटण दाबलं. गॅरेजच्या फळीवरचे रंगाचे डबे थरथरले. भाचेसून स्वयंपाकघरातून धावत आली, क्षणभर उभी राहिली आणि मला म्हणाली, "मामा, तुम्ही रिटायर झालात ना?"

तिची बाजू मला पटते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत फटाके फोडणारे बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी ओळीने मांडून रोडरोलरखाली चिरडले, ते पाहून मी टाळ्या वाजवल्या होत्या. तिथे बटण नव्हतं, वेळ लावायची सोय नव्हती. आवाज काढायचा तो रात्री दोनलाच. त्यापेक्षा ही झडप शतपटीने बरी. पण आवाजाच्या हौसेला विजेच्या गाड्यांनीही आवर बसत नाही, हे मला भाच्याकडून कळलं. डॉजने २०२२मध्ये विजेच्या चार्जर डेटोनाची कल्पना मांडली, तेव्हा तिला मागे एक्झॉस्टही दिला. इंजिन नाही, धूर नाही, फक्त आवाज, आणि तोही १२६ डेसिबलपर्यंत जाईल असा कंपनीचा दावा. पुढे ती गाडी बाजारात आली. जून २०२५मध्ये यातल्याच आठ हजारांहून अधिक गाड्या कंपनीला दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सॉफ्टवेअर भरायचं राहिलं होतं, त्यामुळे पादचाऱ्यांना सावध करण्यासाठी कायद्याने जो आवाज आलाच पाहिजे, तो येत नव्हता.