आधी लकवा, मग पाच लाख

परवा केदारखेड्याच्या फाट्यावर एक विमा एजंट मोटारसायकलला टेकून उभा होता. चौघांच्या कुटुंबाला पाच लाखांचं कवच, हप्ता वर्षाला अठरा हजार. खुरपणीहून परतणाऱ्या मावशीनं सगळं ऐकलं आणि बोटांवर हिशेब घातला. तीनशे रोजानं साठ दिवस.

"दादा, आजारी नाही पडलं तर पैसे वापस भेटतेत का?"

एजंटनं किक मारली.

सरकारनं 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी माफ केला. मावशीचा केवढा फायदा! न घेतलेल्या पॉलिसीवरचा न भरायचा कर वाचला. 2023 च्या खरिपात सोयाबीनचा विमा एक रुपयात निघत होता (2025 त तेही आटोपलं). खुरपणारीपेक्षा खुरपलेलं पीक भाग्यवान.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे की, असं म्हणाल. आहे ना. 2012 त राजीव गांधींच्या नावानं आली, 2017 त महात्म्याच्या नावानं झाली. 1 जुलै 2024 पासून दीड लाखाचे पाच लाख झाले, सगळ्यांना, बिनहप्त्यानं. मोठंच काम आहे, नाव ठेवायला जागा नाही. फक्त माणूस पलंगावर पडायला हवा, तोही यादीतल्या दवाखान्यात, यादीतल्या आजारानं.

मावशीला बीपी आहे. बीपीला पलंग लागत नाही, रोज गोळी लागते. सरकारी दवाखान्यात ती फुकट असते, पण रांगेत उभं राहायचं तर तीनशेचा रोज बुडतो. मेडिकलवरून घ्यायची तर पैसे. म्हणून मावशी अर्धी गोळी खाते, पत्ता दुप्पट दिवस पुरतो. असंच चाललं तर एक दिवस लकवा येईल, आणि त्या दिवशी ती पाच लाखांना पात्र होईल.

तिथंही काउंटर असतंच. गेल्या वर्षी आमच्या काकांना एका दवाखान्यात नेलं, तर "आधी वीस हजार भरा, कार्डाचं नंतर बघू." योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी ठेवलेली. आम्ही भरले. कार्ड मग चाललं, वीस हजार काही परतले नाहीत.

तेव्हा अनामत मागितली की खिशात हात घालायच्या आधी आरोग्यमित्राला गाठा. खुर्चीवर पिशवीच दिसली, तर तिथंच उभं राहून योजनेची हेल्पलाइन 155388 लावा.