वेटिंगची पोटजात

भारतीय रेल्वेचे आरक्षित तिकीट तीन अवस्थांत आढळते: कन्फर्म, आरएसी आणि वेटिंग. कन्फर्मविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. आरएसीला भाडे पूर्ण, जागा मात्र साइड लोअरवर दुसऱ्या आरएसीवाल्याबरोबर अर्धी. रात्री कुणी कुणाच्या अंगावर पाय टाकायचे, याबाबत नियमावली मौन बाळगते. वेटिंगमध्ये पोटजात पाहावी लागते. जनरल वेटिंग बरेचदा सरकते, पूल्ड कोट्याचे सहसा जागचे हलत नाही. म्हणून पूल्डमधला चौथा जनरलमधल्या चाळिसाव्याच्याही मागे राहू शकतो. हा हिशेब तिकिटावर छापलेला नसतो. ऑनलाइन काढलेले वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होते, तोवर बॅग भरून झालेली असते.

मग उरते तत्काळ आरक्षण: ते प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १०ला, इतरांसाठी ११ला उघडते. नेट नेमके तेव्हाच गोल फिरू लागते. कन्फर्म तत्काळ रद्द केल्यास परतावा शून्य.

राजधानी, शताब्दी, दुरांतोसाठी सप्टेंबर २०१६मध्ये फ्लेक्सी भाडे आले: दर १० टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे १० टक्क्यांनी चढते; सुरुवातीला ते कमाल दीडपटीपर्यंत चढत असे. गाडी उशिरा धावली म्हणून ते उतरण्याची सोय या सूत्रात नाही.