शिंक एकाची, वैद्य दहा

मराठी घरात कुणी शिंकलं, की डॉक्टरांच्या आधी शेजारच्या काकू पोचतात. ओवा तव्यावर भाजायचा, रुमालात पुरचुंडी बांधून छाती शेकायची. आल्याच्या रसात मध घालून चाटण. वर गवती चहा, तुळस, मिरी, सुंठ टाकून निम्मा आटवलेला काढा; तो घशाखाली उतरवताना जे तोंड होतं, त्याला घाबरूनच सर्दी पळत असावी. 2020 साली तर आयुष मंत्रालयानेच 150 मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून प्यायला सांगितलं, आणि तमाम आज्या एका रात्रीत सरकारमान्य झाल्या.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. त्या दिवशी जो काढा पोटात असेल, श्रेय त्याचं. आधीच्या काढ्यांचं नाव कुणी काढत नाही! मधाने खोकल्याला थोडा उतार पडतो, मिठाच्या गुळण्यांनी घशाला बरं वाटतं, हेही खरंच. तेव्हा काकूंना एकदम मोडीत काढू नका. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायला त्या सरसावल्या, तर बोटुलिझमचा धोका सांगा आणि वाटी हातातून काढून घ्या.