आत्या-मीमांसा, अर्थात भिवंडीतील खासगीपणाचे सेटिंगशास्त्र

मोबाईलवरून काहीही मागवलं की ते हातात पडण्याआधी त्याचा प्रवास दिसू लागतो, आणि त्या प्रवासात मुंबई-ठाण्याच्या माणसाला एक मुक्काम हमखास भेटतो : भिवंडी. एके काळी हे गाव बाहेरच्यांना यंत्रमागांमुळे ठाऊक होतं. आता दादरच्या ज्या बाईंनी उभ्या जन्मात माग पाहिला नाही, त्यांनाही ते ठाऊक आहे, कारण त्यांनी मागवलेला पडदा काल रात्री भिवंडीत होता. (तो विणला गेलाही बहुधा तिथेच, पण तो विषय अर्थशास्त्र्यांचा.) माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे या गावांतली भातखाचरं गेली आणि तिथे पत्र्याची गोदामं आली. त्या गोदामांतून सुटणाऱ्या खोक्यावर एक चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, पूर्ण पत्ता, पुष्कळदा मोबाईल नंबर आणि खाली गिऱ्हाइकाने स्वहस्ते टंकलेलं टिपण : ‘तिसरा मजला, लिफ्टसमोर, बेल बंद आहे, दुपारी घरी कोणी नसतं.’

खोकं रिकामं झालं की ते चिठ्ठीसकट कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं राहतं. दुपारी घरी कोणी नसतं ही वार्ता सोसायटीच्या दाराशी लावून, तोच माणूस संध्याकाळी पलंगावर आडवा होतो आणि आपला व्हॉट्सॲपवरचा डीपी कोणाकोणाला दिसावा याचा बारकाईने विचार करू लागतो. या दोन कृतींत विसंगती आहे असं वरवर पाहणाऱ्याला वाटेल. ती नाही, हे सिद्ध करणं हा प्रस्तुत प्रबंधाचा हेतू आहे.

शास्त्राचा नियम असा की आधी पूर्वपक्ष मांडावा. खासगीपणावरचं आधुनिक चिंतन सुरू होतं ते 1890 साली, जेव्हा वॉरन आणि ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये माणसाला एकटं सोडलं जाण्याचा हक्क आहे असं प्रतिपादन केलं. त्यांचा राग वर्तमानपत्रांवर आणि झटपट फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर होता. आपल्याकडे हा हक्क मूलभूत ठरायला 24 ऑगस्ट 2017 उजाडला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तसा निकाल दिला. नऊच का, याचंही गणित आहे. 1954 मध्ये आठ न्यायमूर्तींनी आणि 1962 मध्ये सहा न्यायमूर्तींनी याबाबत उलट सूर लावला होता; आठांचं म्हणणं पुसायचं तर नऊ लागतात. आम्हाला हे गणित फार आवडतं. घरातल्या वादातही निकाल याच पद्धतीने लागतात.

पण या सगळ्या ग्रंथपरंपरेत एक ढळढळीत उणीव आहे. वॉरन-ब्रँडाइस वर्तमानपत्राला भ्यायले, न्यायालयाने सरकारचा विचार केला, अलीकडचे विद्वान कंपन्यांच्या मागे लागले आहेत. आत्येचा विचार कोणीच केलेला नाही.

इथे आत्या ही नात्याने घेऊ नये, कार्याने घ्यावी. जिचा नंबर आपल्याकडे आहे, जिच्याकडे वेळ आहे आणि जी आपल्याबद्दल जे कळेल ते आपल्या आईला सांगते, ती आत्या. या व्याख्येत मावशी, काकू, सोसायटीचे सेक्रेटरी आणि पूर्वीचे वर्गशिक्षक येतात. भिवंडीच्या बाजारात सुताचा व्यापारीही येतो. एखाद्या कारखानदाराने उधारीवर सूत उचललेलं असतं, मुदत टळून गेलेली असते आणि सकाळी तगादा सुरू होतो तो असा : “शेठ, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही ऑनलाइन होता. मग आमचा फोन तेवढा झोपेत होता का?” याला उत्तर नाही. वकिलाची नोटीस परवडते, लास्ट सीन परवडत नाही.

आता सिद्धान्त. सेटिंग लिहिणाऱ्यांची कल्पना अशी की धोका अनोळखी माणसाकडून येतो. म्हणून त्यांनी पायऱ्या रचल्या : एव्हरीवन म्हणजे असुरक्षित, माय कॉन्टॅक्ट्स म्हणजे सुरक्षित. भिवंडीचा अनुभव नेमका उलटा आहे. रशियातल्या कुणा चोरट्याने आपला डीपी पाहिला तर पाहू दे बापडा, तो काही साखरपुड्याला येणार नाही. येणार आहे ती माय कॉन्टॅक्ट्समधली मंडळी. ज्याला सेटिंगवाले तटबंदी समजतात, तिच्याच आत शत्रूचा तळ आहे.

जून 2022 मध्ये व्हॉट्सॲपने लास्ट सीन आणि डीपीसाठी माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट, म्हणजे ‘अमुक सोडून बाकीचे ओळखीचे’, ही सोय दिली, तिचं महत्त्व म्हणूनच आमच्या मते फार मोठं आहे. कोणीतरी, कुठेतरी, दूर कॅलिफोर्नियात, भावकी म्हणजे काय हे समजून घेतलं. चार पर्यायांची चार आश्रमांशी सांगड घालण्याचा मोह आम्हाला आवरत नाही. नवा फोन घेतलेला मुलगा एव्हरीवनच्या ब्रह्मचर्यात असतो, लग्न ठरलं की माणूस माय कॉन्टॅक्ट्सच्या उंबऱ्यात येतो, लग्नानंतर एक्सेप्टची यादी वाढत जाते, आणि शेवटी नोबडी हा संन्यास. क्रम थोडा सैल आहे हे मान्य. वानप्रस्थाचंही असंच असतं, कोणी वेळेवर जात नाही.

संन्यास कोणी घेत का नाही, याचंही कारण सेटिंगातच दडलेलं आहे. लास्ट सीन नोबडी केलं की दुसऱ्यांचंही दिसेनासं होतं. नोव्हेंबर 2014 मध्ये निळ्या टिका आल्या, लगोलग त्या बंद करण्याची सोय द्यावी लागली, आणि तिथेही हाच सौदा आहे : आपली टिक झाकली तर समोरच्याची झाकली जाते. लपण्याची इच्छा आणि डोकावण्याची इच्छा यांची कुस्ती लावली तर डोकावणारी जिंकते, हे या सेटिंगने दाखवून दिलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी. शिवाय निळ्या टिका बंद केल्या तरी ग्रुपमध्ये त्या दिसतातच, आणि व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूणही लपत नाही. व्हॉइस मेसेजवाली आत्या ही म्हणून सर्वांत बलवान समजावी.

आणखी एक अडचण कोणत्याही मार्गदर्शकात सापडत नाही. लपवणं हीसुद्धा बातमीच असते. कालपर्यंत दिसणारा डीपी आज करडा झाला की आत्या तो विषय तिथेच सोडत नाही. ती दुसऱ्या भाच्याचा फोन मागून त्यावर डीपी दिसतो का ते पाहते. दिसला, तर एक्सेप्टची अख्खी यादी उघडी पडते आणि दिवाळीच्या फराळाला त्याचे पडसाद उमटतात. डिलीट फॉर एव्हरीवनचंही तसंच. मेसेज जातो, पण तो पुसल्याची पाटी मागे राहते, आणि मूळ मजकूर ‘केळी आण’ इतकाच असला तरी वाचणारा त्यात काय काय पाहतो! जाणकार बायकांनी यावर पूर्वीच तोडगा काढलेला आहे. डीपीला पहिल्या दिवसापासून गणपती ठेवायचा. लपवलं असं होत नाही, दिसलं असंही होत नाही, आणि गणपती का ठेवलास असं विचारायची कोणाची प्राज्ञा नाही.

नाव सांगणाऱ्या ॲपविषयी थोडक्यात. ट्रूकॉलर ही स्वीडनची कंपनी. तिच्याकडे आपलं नाव पुष्कळदा आपण दिलेलं नसतं, दुसऱ्यांनी आपल्याला ज्या नावाने फोनमध्ये जतन केलं ते असतं. त्यामुळे तीन पदव्या मिळवलेला इंजिनीअर जगभर ‘बीमवाला अंजूरफाटा’ म्हणून झळकतो. यावर सेटिंग आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून नंबर यादीतून काढता येतो. पण आमच्या माहितीतल्या एका गृहस्थांनी ते मुद्दाम केलं नाही. ‘अमुक शेठ, पैसे देऊ नये’ हे त्यांचं नाव वाचून त्यांना कोणी विमा विकायला येत नाही.

बॅटरीच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न जुना झाला. 2013 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एका टॉर्चच्या ॲपला पकडलं, तेव्हा ते लाखो लोकांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. आता ॲन्ड्रॉइडवर लोकेशन, कॅमेरा आणि माइकची परवानगी फक्त या वेळेपुरतीही देता येते. द्यावी. गुगलच्या खात्यात आपण शोधलेलं आपोआप पुसण्याची सोय आहे. 3, 18 किंवा 36 महिने अशा मुदती आहेत. त्यातली 3 महिन्यांची निवडावी. वऱ्हाळा तलावाजवळ कुठे चांगला वडा मिळतो हे आपण तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं, याची आठवण ठेवण्याचं काम अमेरिकेने करू नये.

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. ते आहे झेरॉक्सचं दुकान.

आत्येपासून डीपी लपवणारा माणूस आपलं आधार कार्ड मात्र ज्याचं नावही त्याला माहीत नाही अशा माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवतो. मंडईत, कल्याण नाक्यावर, धामणकर नाक्यावर, कुठेही उभे राहून पाहावं. दुकानाच्या काचेवर नंबर चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक येतं.

“दादा, पाठवलंय. दोन प्रती.”

“नाव काय?”

नाव सांगितलं जातं, मोठ्याने, कारण मशीन चालू असतं. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडच्या फोल्डरात आधार, पॅन, बँकेचं पासबुक, भाडेकरार आणि कोणाची तरी सोनोग्राफी एका ओळीत विसावतात. या फोल्डराचं ऐतिहासिक मोल आम्ही नाकारत नाही. शहराचा इतका ताजा आणि इतका बेवारशी दफ्तरखाना दुसरा नसेल. ज्यांना मेसेज पाठवायचा नसतो, ते दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडतात, प्रत काढतात, पाच रुपये देतात आणि व्हॉट्सॲप तिथेच उघडं ठेवून घरी जातात. फोनमधल्या लिंक्ड डिव्हायसेस या सदरात ही स्मारकं पाहता येतात आणि बोट लावून पाडताही येतात. पाठवलेली फाईल दोन दिवस बारा तासांच्या आत सर्वांसाठी पुसता येते, पण दुकानदाराने ती आधीच उतरवून घेतली असेल तर आपण फक्त पाटी पुसली असं होतं.

आधाराच्या बाबतीत महाराष्ट्राचा मान मोठा आहे. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतर झेरॉक्स यंत्रांना जे काम मिळालं ते अद्याप थांबलेलं नाही. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सांगितलं की आधाराच्या छायाप्रती कोणालाही देऊ नयेत. दोनच दिवसांत, 29 मे रोजी, गैरसमज होऊ शकतो म्हणून ती सूचना मागे घेतली गेली आणि नागरिकांनी नेहमीचं तारतम्य बाळगावं असं कळवण्यात आलं. त्या दोन दिवसांत भिवंडीत किती प्रती कमी निघाल्या याचा अभ्यास झालेला नाही. आमचा अंदाज, एकही नाही.

यावर शास्त्रोक्त उपाय मास्क्ड आधार हा आहे. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. आधाराला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं. प्रयोग म्हणून आमच्या एका माहितगाराने ते भाड्याच्या गाळ्यासाठी दिलं.

“हे खराब झालंय. आकडे आले नाहीत.”

“ते झाकलेले आहेत. सरकारनेच झाकलेत.”

“मग सरकारकडून उघडं आणा.”

प्रयोग संपला.

ध्वनीच्या अंगाने एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. क्यूआर कोडाशेजारचा तो बोलका डबा रक्कम जाहीरपणे उच्चारतो, म्हणून भाजीवाल्याला दहा रुपये दिले की मंडईभर होतं. पाचशे दिले तर मागची बाई वळून पिशवीत पाहते. याला कसलंही सेटिंग गिऱ्हाइकाच्या हाती नाही. याउलट यंत्रमागाचा कारखाना घ्या. धोटा दोन्हीकडे आपटत असतो, शेजारच्याचं बोलणं कानाला तोंड लावूनच ऐकावं लागतं, आणि बाकी सगळा व्यवहार हातवाऱ्यांवर चालतो. लँकेशायरच्या गिरण्यांतही विणकर बाया ओठांच्या मोठाल्या हालचालींनी बोलत आणि त्या बोलीला ‘मी-मॉ’ म्हणत. व्हॉट्सॲपने 2016 मध्ये मेसेज दोन टोकांमध्ये बंदिस्त केले, त्याचा फार गवगवा झाला. पद्मानगरच्या कारखान्यात ही सोय कितीतरी आधीपासून आहे, फक्त कान जातात.

चोरांचं काय, असं कोणी विचारील. चोर आहेत, आणि आत्येच्या भीतीत त्यांचं फावतं. व्हॉट्सॲपवर सहा आकडी पिन लावून ठेवावा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथीच्या पोर्टलवर पाहावं. झेरॉक्सच्या दुकानाचा इतिहास पाहता तिथे एखादं अनोळखी निघू शकतं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 ला फोन करावा. आत्येला नंतर.

राहता राहिला कायदा. 2023 च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळाली पाहिजे असं त्यात म्हटलं आहे, आणि कसूर करणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आम्ही तो मोठ्या आशेने वाचायला घेतला. तिसऱ्या कलमाशी थांबलो. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी दुसऱ्याची माहिती हाताळली तर हा कायदा तिला लागू नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या चिंतनात प्रथमच कोणीतरी आत्येची दखल घेतली, आणि ती तिला मोकळं सोडण्यासाठी. कलम अजून कोणी तिला वाचून दाखवलेलं नाही.